काळ्या दगडाच्या गावातून सी-अर्चिनच्या जीवाश्मांच्या शोधात निघताना

सी-अर्चिन म्हणजे समुद्रतळावर राहणारा, काटेरी कवचाचा प्राणी. सोलापूर जिल्ह्यात त्याचा जीवाश्म सापडत नाही, हे आधी पक्कं करून घ्यावं. विहीर खणताना पापुद्रे सुटणारा गोल दगड निघतो आणि जीवाश्मच वाटतो, पण तो कांद्यासारखा थराथराने झिजलेला बेसाल्ट असतो. दगडाच्या पोकळीत चांदणीसारख्या फाकलेल्या पांढऱ्या सुया दिसल्या तर ते झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक. आपला काळा दगड म्हणजे गोठलेला लाव्हा, त्यात समुद्रातल्या प्राण्याने येऊन पडायचं काही कारण नाही. घरातली शहाबादी फरशी मात्र खरोखर समुद्रतळावर साचलेल्या चुनखडकाची असते, आणि तिच्यावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षीही दिसते. ती नक्षी भेगांमधून झिरपलेल्या मँगनीजची आहे, पानाची नाही. शहाबादचा खडक साचला तेव्हा कवच असलेले प्राणी पृथ्वीवर आलेलेच नव्हते.

तरीही या कामासाठी सोलापूरची जागा सोयीची आहे. ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे असा सेंधव्याकडे जातो आणि पुढे मनावरमार्गे मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातल्या बाग या गावापर्यंत पोचता येतं. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे जायचा एक आणि यायचा एक असे दोन दिवस प्रवासातच धरावेत. दुसरी दिशा दक्षिणेची. मुंबई-चेन्नई लोहमार्ग सोलापुरातूनच जातो. चेन्नईला उतरून एग्मोरहून त्रिचीकडे जाणारी गाडी पकडली की वाटेत तमिळनाडूतलं अरियलूर लागतं. बाग आणि अरियलूर या दोन्ही ठिकाणी क्रिटेशस काळातल्या समुद्राचा तळ आज उघडा पडलेला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने बागलाच जावं. तिथे जीवाश्म लहान असले तरी मऊ मार्लमधून, म्हणजे चिकणमाती मिसळलेल्या चुनखडकातून, मोकळे होऊन पडलेले असतात, आणि हिंदीत बोलून काम भागतं.

खडूचा समुद्र म्हणजे काय

क्रिटेशस हे नावच खडूवरून पडलं आहे. लॅटिनमध्ये खडूला ‘क्रेटा’ म्हणतात, आणि त्यावरून १८२२ मध्ये बेल्जियमच्या ओमालियस दाल्वा यांनी या काळाला नाव दिलं. साधारण १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच वर होती. इंग्लंड, फ्रान्स, डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या मोठ्या भागावर उबदार समुद्र पसरला होता. त्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म शैवालांच्या चुन्याच्या चकत्या तळाशी साचत गेल्या आणि त्यांचाच पांढरा, बोटाला लागणारा खडूचा खडक झाला. तळाच्या त्या मऊ गाळात सी-अर्चिन राहत, काही वर सरपटणारे, काही आत बीळ करून बसणारे.

भारतातल्या समुद्राने इतका शुद्ध पांढरा खडू साचवला नाही. नर्मदेच्या खचदरीतून पश्चिमेकडून आत शिरलेल्या समुद्राने बागच्या परिसरात गाठाळ चुनखडक, त्यावर मऊ मार्ल आणि त्यावर ब्रायोझोआंनी, म्हणजे वसाहत करून राहणाऱ्या चिमुकल्या सागरी प्राण्यांनी, भरलेला लालसर-पिवळा चुनखडक ठेवला. हा गाठाळ थर साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. या सगळ्याच्या डोक्यावर जो काळा दगड बसला आहे तो आपलाच, दख्खनचा बेसाल्ट. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी पायाखाली जो खडक असतो, त्याच घराण्यातल्या थरांखाली बागचा समुद्र गाडला गेला. म्हणूनच तिथे डोंगराच्या माथ्यावर शोधण्यात अर्थ नाही. काळा दगड संपून फिकट दगड सुरू होतो ती रेघ दुरून हेरायची आणि तिच्या खाली काम करायचं.

बागच्या सी-अर्चिनांचं वर्णन मार्टिन डंकन यांनी १८६५ मध्येच केलं होतं. थरांची नीट मांडणी केली ती प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये. पुढे मयूरभंजचं लोहखनिज दाखवून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याला वाट करून देणारे बोस ते हेच. देवला आणि चिराखान ही गावांची नावं त्यांनी मार्लच्या थराला दिली, आणि जीवाश्म वेचायला आजही तोच थर सगळ्यांत चांगला.

सी-अर्चिन ओळखायचा कसा

काटे असलेला सी-अर्चिन सापडेल ही आशा सोडून द्यावी. प्राणी मेला की काटे काही दिवसांतच गळतात आणि उरतं ते कवच. त्यावर केंद्रातून निघालेले पाच पट्टे असतात. सदाफुलीचं फूल डोळ्यांसमोर आणा: पाच पाकळ्या, मधोमध एक बिंदू. हृदयाच्या आकाराच्या अर्चिनच्या पाठीवर नेमकी अशी नक्षी असते, फक्त समोरची पाकळी वेगळी असते आणि तिच्या जागी बहुधा खोबण असते. जवळून पाहिलं तर प्रत्येक पाकळी दोन ओळींतल्या बारीक छिद्रांची बनलेली दिसते, सुईने टोचल्यासारखी.

नक्षी झिजून गेली असेल तर तुटलेली कड बघा. कवच लहान लहान पट्ट्या जुळून बनलेलं असतं, आणि त्यातली प्रत्येक पट्टी म्हणजे कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचा एक अखंड स्फटिक असतो. त्यामुळे ती तुटते तेव्हा सपाट, चकचकीत पृष्ठ उघडं पडतं आणि दगड हातात फिरवला की उन्हात ते पृष्ठ एकदम लखकन चमकून विझतं. शिंपला थराथराने सुटतो, साधा चुनखडक मंद आणि खरखरीत तुटतो. ही चमक एकदा डोळ्यांत बसली की नखाएवढा तुकडाही सुटत नाही.

आकाराचे मुख्य प्रकार दोन. पहिला गोल आणि चारी बाजूंनी सारखा, तोंड खाली मधोमध, गुदद्वार वर मधोमध, अंगभर काट्यांचे टेंगूळ. दुसरा गाळात बीळ करून राहणारा, लांबट किंवा हृदयाकृती, गुदद्वार मागे सरकलेलं. बागला दुसऱ्या प्रकारातला हेमिआस्टर भेटतो, बहुतेक वेळा २ ते ४ सेंटिमीटरचा. अरियलूरच्या कल्लनकुरिची थरात, म्हणजे सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकात, मोठ्या जाड कालवांच्या जोडीने स्टिग्मॅटोपायगस मिळतो. तो मुठीत मावणारा आणि पाठीला चांगला उंच असतो. युरोपच्या खडूत मायक्रास्टर, घुमटासारखा एकिनोकोरिस आणि शंकूच्या आकाराचा कोन्युलस हे नेहमीचे. इंग्लंडच्या खेड्यांत अशा अर्चिनांना मेंढपाळाचा मुकुट म्हणत आणि घराच्या खिडकीत ठेवत.

सी-अर्चिन गोड्या पाण्यात कधीच राहिले नाहीत. त्यामुळे चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी डायनासोरची हाडं निघाली तरी तिथे अर्चिन शोधू नये. तो खडक नद्या-तळ्यांचा आहे.

परवानगी आधी, हातोडी नंतर

बागजवळ डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या हद्दीत खडाही उचलायचा नाही, मोकळा पडलेला असला तरी नाही. हद्दीबाहेर जमीन कोणाची आहे ते गावात विचारावं. शेत असेल तर मालकाला, गावठाण असेल तर सरपंचाला, वनजमीन असेल तर वनखात्याला. अरियलूरला चांगले थर सिमेंटच्या खाणींत उघडे आहेत. तिथे खाण व्यवस्थापकाची लेखी परवानगी लागते, हेल्मेट लागतं, आणि सुरुंगाच्या वेळा विचारून घ्याव्या लागतात. परवानगी न मिळाल्यास बाहेरूनच मागे फिरावं. वारणवासीला जीवाश्मांचं संग्रहालय आहे, आणि पेरंबलूर जिल्ह्यात सातनूरला १८ मीटर लांबीचं दगड झालेलं खोड आहे. दोन्ही बघण्यासारखी आहेत. ते खोड राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, त्याला हात लावायचा नाही.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. धार जिल्ह्यात शेतात सापडलेले गोल दगड लोक काकड भैरव म्हणून पूजत आले आहेत. ते डायनासोरची अंडी असल्याचं २०२३ मध्ये अभ्यासकांनी ओळखलं. शेंदूर लावलेल्या, नारळ फोडलेल्या दगडाला हात लावू नये, त्याची पारख करायला बसू नये. नारळाएवढे गोल दगड जमिनीत ओळीने रुतलेले दिसले तर शेंदूर नसला तरी तसेच ठेवून द्यावेत.

कोणत्या नाल्यात उतरायचं हे घरबसल्या ठरवता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोष’ संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे पाहायला मिळतात. बाग थरांचा रंग आणि बेसाल्टचा रंग जिथे एकमेकांना भिडतात, तिथून जाणारे ओढे वहीत टिपून न्यावेत. बागला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा: पावसाने उतार धुतलेले असतात, पिकं बऱ्यापैकी निघालेली असतात आणि ऊन सोसतं. अरियलूरला ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, तेव्हा तिकडे जानेवारीनंतर जावं.

पिशवीत काय हवं

पाऊण किलोच्या आसपासची हातोडी, एक १२ मिलिमीटरची आणि एक २० मिलिमीटरची छिन्नी. पाथरवट वापरतात ती छिन्नी उत्तम, पण डोक्यावर पसरलेली किनार घासून घ्यावी, कारण तिचे कपचे उडून डोळ्यात जातात. चष्मा घालत असलात तरी वरून गॉगल हवाच. दहापट भिंग, एक इंची रंगाचा ब्रश, जुने टूथब्रश, टॉयलेट पेपरचे चार रोल, मेडिकलमध्ये मिळणारं चार इंची प्लास्टर बँडेज, कागदाच्या पिशव्या, पेन्सिल, वही, मोजपट्टी. माणशी चार लिटर पाणी.

बागच्या आकाराच्या अर्चिनांना पुठ्ठ्याचा अंड्यांचा ट्रे अगदी बेताचा होतो. एका खळग्यात एक, खाली कापूस, वर कापूस, दुसरा ट्रे उलटा झाकून सुतळीने बांधला की ३० नमुने मोटारीच्या डिकीत सहाशे किलोमीटर हादरे खाऊनही शाबूत येतात. मोठ्या नमुन्यांना जुन्या सोलापुरी चादरीचे तुकडे. तिचं विणकाम जाड असतं आणि ती घसरत नाही. वर्तमानपत्राचा कागद थेट दगडाला लावू नये. दमट फिकट चुनखडकावर शाई उतरते आणि निघत नाही.

शोधण्याची रीत

सकाळी नऊच्या आत आणि दुपारी साडेतीननंतर शोधावं. तिरप्या उन्हात पाकळ्यांच्या खोबणीत सावली पडते. डोक्यावर ऊन आलं की सगळा उतार एकसारखा पांढरा दिसतो आणि डोळेही थकतात. ऊन आपल्या एका बाजूला राहील अशा बेताने उताराला आडवं चालावं, एका मिनिटात दहा पावलांपेक्षा जास्त नाही. दहा-पंधरा मिनिटांनी त्याच पट्ट्यावरून उलट दिशेने यावं. जाताना न दिसलेलं येताना दिसतं, कारण सावली दुसऱ्या बाजूने पडते.

ओढ्याच्या तळाशी एखादा तुकडा मिळाला तर तिथेच खणू नये. तो वरून वाहत आलेला असतो. वर चढत जावं, प्रत्येक टप्प्यावर तुकडे मोजावेत. एका उंचीनंतर एकही तुकडा दिसेनासा होतो. त्या उंचीच्या लगेच खालचा थर म्हणजे मूळ घर. तो सापडला की त्याच पातळीने डोंगराच्या कडेकडेने आडवं जावं, पुढच्या ओढ्यातही तो थर त्याच सुमारास उघडा पडलेला असतो. या एका युक्तीने दिवसाचं काम तासावर येतं.

कपारीत हात घालण्याआधी काठीने आपटावं. फुरसं आणि विंचू दोन्ही अशा खडकात असतात. लटकणाऱ्या खडकाच्या खाली उभं राहून हातोडी मारू नये.

मोकळा असेल तर उचला, अडकलेला असेल तर विचार करा

पावसाने सोडवलेला नमुना सगळ्यांत चांगला. खडकात अर्धा दडलेला अर्चिन दिसला की हात शिवशिवतात, आणि बहुतेक चांगले नमुने याच क्षणी फुटतात. कारण वर सांगितलं तेच: पट्ट्या स्फटिकाच्या आहेत. जवळ मारलेल्या एका घावाचा हादरा स्फटिकाच्या सपाट पृष्ठावरून सरळ पार जातो आणि कवच आरपार चिरतं.

मार्लमध्ये असेल तर छिन्नीऐवजी लाकडी काडी आणि ब्रश पुरतो. गाठाळ चुनखडकात असेल तर अर्चिनपासून चारी बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर सोडून चर पाडावा. छिन्नीचं टोक नेहमी जीवाश्माच्या उलट्या दिशेला वळलेलं हवं. चर अर्चिनच्या उंचीच्या दीडपट खोल झाला की खालून तिरपे हलके घाव घालत तो दगडाचा बुंधा तोडावा. आवाज ऐकत राहा. टणटण आवाज एकदम भद्द झाला तर आत चीर गेली आहे, तिथे थांबून ओला टॉयलेट पेपर तीन-चार पदर थापावा, त्यावर प्लास्टर बँडेजच्या पट्ट्या गुंडाळाव्यात आणि अर्धा तास सुकू द्यावं. कागदाचा पदर विसरला तर प्लास्टर थेट कवचाला चिकटतं आणि घरी काढताना टेंगळं सोबत येतात.

तरी फुटलाच तर तुकडे जागेवर जुळवत बसू नये. सगळे कण, अगदी तांदळाच्या कणीएवढेसुद्धा, एकाच पिशवीत भरावेत.

जायच्या आधी घरी सराव करता येतो, आणि तो जरूर करावा. फरशीच्या दुकानातून शहाबादचे टाकाऊ तुकडे आणा आणि त्यांवर छिन्नीचा कोन बसवा. चुनखडक कसा सुटतो ते हाताला कळतं. मग एका अंड्याचं रिकामं कवच प्लास्टर ऑफ पॅरिसने भरा, सुकल्यावर ते वाळू आणि प्लास्टरच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात गाडा, दोन दिवस कडक होऊ द्या. आता ते कवच न तडकता बाहेर काढा. अंड्याचं कवचही कॅल्साइटचंच असतं. तीन अंड्यांपैकी दोन शाबूत निघेपर्यंत डोंगरावर छिन्नी काढू नये, असं आमचं ठाम मत आहे.

पाच-सहा नमुने झाले की थांबावं. एकाच थरातले साठ सारखे हेमिआस्टर घरी आणून काही कळत नाही. पुढे येणाऱ्याला मात्र रिकामा उतार मिळतो.

नोंद

नोंद नसलेला जीवाश्म अभ्यासाला निरुपयोगी आहे. हे काम मुक्कामावर गेल्यावर करू म्हणून सोडू नये, संध्याकाळपर्यंत तीन ओढ्यांची सरमिसळ झालेली असते. उचलण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो, मग वहीत क्रमांक, तारीख, गाव, ओढा, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, खडकाचा प्रकार, बेसाल्टच्या रेघेपासून किती मीटर खाली, आणि सगळ्यांत महत्त्वाचं: मोकळा पडला होता की थरात होता. थरात असेल तर पाकळ्या वर होत्या की खाली, तेही. सरळ बसलेला अर्चिन बहुधा स्वतःच्या बिळातच मेलेला असतो. उलटा असेल तर लाटांनी ढकलून आणलेला असण्याची शक्यता जास्त.

तोच क्रमांक पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून नमुन्याबरोबर आत टाकावा. प्लास्टिकच्या पिशवीवर मार्करने लिहिलेला आकडा प्रवासात घासून पुसला जातो. ओला नमुना प्लास्टिकमध्ये बंद केला तर चिठ्ठीला बुरशी लागते, म्हणून कागदी पिशवी.

घरी आल्यावर

पहिले तीन दिवस काहीच करू नये. नमुने सावलीत, पंख्याखाली सुकू द्यावेत. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर ठेवलेला मार्लमधला अर्चिन भराभर आकसतो आणि तडे जातात.

मग पोटाच्या बाजूला, जिथे नक्षी कमी असते, ओल्या टूथब्रशने एक नखभर जागा घासून बघावी. चुरा सुटत नसेल तरच बाकीचा साध्या पाण्याने धुवावा. चिकटलेल्या मार्लसाठी लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून नमुना रात्रभर भिजवावा, सकाळी ब्रश, नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाणी. राहिलेला खडक शिवणाच्या जाड सुईने, ती पिन-व्हाइसमध्ये, म्हणजे सुई पकडायच्या छोट्या मुठीत, पकडून भिंगाखाली काढावा. सुई पृष्ठाला जवळपास समांतर धरायची आणि टोक कवचाकडून बाहेर ढकलायचं. खडक आणि कवच यांच्यामधली रेघ सापडली की खडकाचा पापुद्रा आपसूक उडतो. नाही उडला तर त्या जागी जोर करू नये, शेजारून यावं. तोंडाच्या खळग्यातला खडक कडक असेल तर तसाच राहू द्यावा. तो काढताना कडा जातात आणि ओळखीची खूणही जाते.

व्हिनेगर, लिंबू, शौचालय धुण्याचं अ‍ॅसिड, यांपैकी काहीही नको. खडकही चुन्याचा आणि कवचही चुन्याचं, आम्ल दोघांनाही सारखंच खातं, आणि आधी जातात ती बारीक टेंगळं. लिंबाचा थेंब फक्त खडक ओळखायला वापरावा, तोही वेगळ्या कपच्याच्या भुकटीवर. शहाबादच्या भुकटीवर बुडबुडे येतात, बेसाल्टवर येत नाहीत. बेसाल्टच्या पोकळीतल्या पांढऱ्या दगडावर आले तर तिथे कॅल्साइट आहे, जीवाश्म नव्हे.

भुसभुशीत नमुन्याला पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखं द्रव्य द्यावं. ५ ग्रॅम दाणे मलमलच्या पुरचुंडीत बांधून १०० मिलिलिटर अ‍ॅसिटोनच्या काचेच्या बरणीत टांगून ठेवावेत, रात्रभरात विरघळतात. दाणे तळाशी टाकले तर तिथेच चिकट गोळा होऊन बसतो. हे मिश्रण ब्रशने पातळ दोन हात. नमुना पूर्ण कोरडा नसेल तर पांढरा धुरकट थर येतो. दुपारच्या उकाड्यात अ‍ॅसिटोन लावता लावता उडतं आणि वर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ओढले जातात, म्हणून हे काम भल्या पहाटे, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस, उदबत्ती, निरांजन सगळं विझवून करावं. अ‍ॅसिटोन क्षणात पेटतं. तुकडे जोडायलाही हेच द्रव्य, फक्त मधासारखं घट्ट करून. झटपट चिकटणारा डिंक वापरू नये: जोड वाकडा बसला तर तो पुन्हा सहज सोडवता येत नाही. बी-७२ अ‍ॅसिटोनने कधीही सुटतं.

दोन-तीन किलो मार्ल सोबत आणलं असेल तर ते मात्र उन्हात कडकडीत वाळवावं आणि मग एकदम पाण्यात सोडावं. कोरड्या चिकणमातीत पाणी घुसलं की ती आपोआप उमलते. रव्याच्या चाळणीवर नळाखाली हलकेच धुतलं की वर काट्यांचे तुकडे, सुटलेल्या पट्ट्या, ब्रायोझोआंच्या काड्या उरतात. पाण्यातला गाळ मोरीत ओतू नये, बसतो आणि नळी तुंबते. कुंडीत टाकावा.

नाव लावणं

व्हर्नियर कॅलिपरने लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये घ्यावी. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून पाठ बघावी. हेमिआस्टरमध्ये पाकळ्यांच्या टोकांना वळसा घालणारी एक अरुंद, गुळगुळीत दिसणारी पट्टी असते, टेंगळांच्या गर्दीतून गेलेल्या पायवाटेसारखी. मायक्रास्टरमध्ये अशी पट्टी मागे, गुदद्वाराच्या खाली असते. धुतलेल्या आणि न झिजलेल्या नमुन्यावरच ती दिसते, म्हणून घासताना सबुरी. पाकळ्यांच्या मधोमध जननछिद्रं किती आहेत तेही भिंगातून मोजावं. एवढ्यावरून वंशाचं नाव सांगता येतं. जातीचं नाव मात्र छापील वर्णनाशी आणि जपून ठेवलेल्या नमुन्याशी ताडल्याशिवाय लिहू नये. चिठ्ठीवर नुसतं ‘हेमिआस्टर’ लिहिणं पूर्णपणे बरोबर आहे.

इंग्लंडमध्ये राहणारं कुणी घरचं असेल आणि तिथल्या खडूच्या किनाऱ्यावरचा मायक्रास्टर घेऊन येणार असेल तर दोन गोष्टी आधी सांगून ठेवाव्यात. पहिली, कड्याला हातोडी लावायची नाही आणि कड्याच्या पायथ्याशी रेंगाळायचं नाही. तिथले कडे सतत ढासळतात आणि भरतीत परतीची वाट बंद होते. किनारा संरक्षित असेल तर तिथले नियम वाचूनच मोकळा दगड उचलावा. दुसरी, तो दगड खऱ्या खडूत कुठून आला हे शक्य तितकं लिहून घ्यावं. १८९९ मध्ये आर्थर रो यांनी खडूच्या खालच्या थरांपासून वरच्या थरांपर्यंत मायक्रास्टर कसा बदलत गेला, खोबणी कशा खोल होत गेल्या, ते दाखवलं. थर माहीत असलेला एक मायक्रास्टर म्हणून बिननोंदीच्या दहांपेक्षा मोलाचा.

समुद्रकिनाऱ्यावरच्या खडूत मीठ मुरलेलं असतं. इथल्या कोरड्या हवेत ते बाहेर येतं, पांढरी लव धरते आणि कवचाचे पापुद्रे सुटतात. असा नमुना आल्याबरोबर गोड्या पाण्यात बुडवावा आणि रोज पाणी बदलत किमान तीन आठवडे ठेवावा. आपलं बोअरचं पाणी जड असतं, त्यासाठी निदान शेवटचा आठवडाभर आरओचं पाणी घ्यावं. कवचाच्या आत चकमकीचा दगड भरलेला असेल तर तो टणक असतो, त्याला इतकी काळजी लागत नाही.

सुकलेल्या, नाव लावलेल्या नमुन्यावर पोटाच्या बाजूला बी-७२चा तांदळाएवढा ठिपका द्यावा, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक आणि वर पुन्हा एक ठिपका. क्रमांक वहीतल्याशी जुळवून पाहावा, मगच नमुना खणात ठेवावा. आणि कधी एखाद्या नमुन्याला काटे चिकटलेले निघालेच, तर घासणं तिथेच थांबवावं, खडकासकट कापसात गुंडाळावं आणि जवळच्या विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या विभागात आधी दाखवावं. असा नमुना उघडायला सुई पुरत नाही.